आठ डिस्कचं मशीन : दर वेळी वेगळीच डिस्क गायब होते

बखरवाचक | सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा मोठा आहे, पण अर्धवट सांगून तुमचा वेळ घालवण्यापेक्षा सगळं नीट मांडतो.

मी सदाशिव पेठेत राहतो. ओळखीच्या घरांमधले जुने मोडी कागद, म्हणजे वतनाची पत्रं, खर्डे, जमाखर्चाच्या वह्या, घरी आणून स्कॅन करतो आणि कागद ज्याचे त्याला परत देतो. माझ्याकडे फक्त स्कॅन राहतात. यातल्या दोन घरांचे मूळ कागद आता उरलेले नाहीत. एका ठिकाणी वाळवी लागली, दुसऱ्या ठिकाणी पावसात माळ्यावर पाणी आलं. त्यामुळे माझ्या मशीनवर आहे तेवढंच आता त्या घरांचं दप्तर.

६०० डीपीआयला ए४ पानाची रंगीत टिफ फाईल साधारण १०० एमबीची होते. म्हणून जागा भरपूर लागते. चार टीबीच्या आठ डिस्क, लिनक्सवर (डेबियन) सॉफ्टवेअर रेड ६, म्हणजे आठही डिस्क मिळून एकच साठा. सहा डिस्क मदरबोर्डवर, दोन सॅटा कार्डवर (डिस्क जोडायचं जादा कार्ड). एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज देणारा डबा, ५५० वॅटचा.

तीन आठवड्यांपूर्वी एक डिस्क रेडमधून बाहेर पडली. मशीन बंद-चालू केल्यावर दिसली, म्हणून परत जोडून घेतली. गेल्या आठवड्यात दुसरीच पडली. तीही परत घेतली. आणि काल, रविवारी पहाटे, दोन एकदम गेल्या. रेड ६ दोन डिस्क सोसतं, म्हणजे मी आता अगदी काठावर आहे. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) सगळ्या डिस्क ‘पास’ दाखवतात. आठही डिस्क एकाच वेळी घेतल्या होत्या, वॉरंटी मागच्या वर्षी संपली. आठही नव्या घेणं परवडणारं नाही. मुळात डिस्क खराब आहेत की आणखी काही, तेच कळत नाहीये.

बॅकअप आहे, पण गेल्या दिवाळीपर्यंतचाच.

---

पर्वतीपायथा | सोमवार, रात्री ११:१५

आधी हात थांबवा. कृपया आज रात्री काहीही परत जोडू नका. जोडलंत आणि पूर्ण रिबिल्ड, म्हणजे ती डिस्क बाकीच्यांवरून नव्याने भरणं, सुरू झालं, तर चार टीबीची डिस्क १५० एमबी प्रतिसेकंद वेगानेसुद्धा साडेसात तास घेते, आणि तेवढा वेळ उरलेल्या सहाही डिस्क एकसारख्या वाचल्या जातात. मूळ दुखणं सापडलेलं नसताना हा ताण देणं धोक्याचं आहे.

आत्ता एवढंच करा. फाईलसिस्टीम फक्त वाचण्यापुरती माउंट करा. त्या दोन घरांचे कागद आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवा, मग दिवाळीनंतरचं बाकी काम. आणि इंटरनेटवर कुणी एमडीएडीएमचं (लिनक्सवर रेड सांभाळणारं साधन) ‘क्रिएट’ वापरून रेड नव्याने बांधायला सांगितलं तर अजिबात ऐकू नका. डिस्कचा क्रम किंवा एखादा आकडा चुकला तर असलेला डेटाही हातचा जातो.

दोन प्रश्न. कोणकोणत्या डिस्क पडल्या, ते सीरियल नंबरवरून सांगता येईल का? ‘एसडीसी पडली, एसडीई पडली’ हे पुरेसं नाही. लिनक्स डिस्कना देतो ती ही अक्षरं प्रत्येक वेळी मशीन चालू करताना बदलू शकतात. आणि डिस्क काही वेळाने झोपवायची, म्हणजे फिरणं थांबवायची, सेटिंग लावली आहे का?

---

वेताळटेकडी | सोमवार, रात्री ११:३२

डिस्क साध्या डेस्कटॉपच्या आहेत की नॅसच्या, म्हणजे रेडसारख्या साठवणीसाठी बनवलेल्या? एक शक्यता सांगतो. साधी डिस्क खराब सेक्टर आला की तो वाचायचा हट्ट धरते, कधी कधी मिनिटभराहून जास्त. लिनक्स मात्र ३० सेकंद वाट बघून डिस्कला रिसेट मारतो, आणि चांगली डिस्कसुद्धा रेडमधून बाहेर पडते. नॅसच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हट्ट सोडतात. स्मार्टसीटीएलमध्ये (स्मार्ट वाचायचं साधन) ‘एससीटी ईआरसी’, म्हणजे हट्ट सोडायची ही मुदत, बघा. ते नसेल तर लिनक्सची ती मुदत १८० सेकंदांवर न्या.

---

बखरवाचक | मंगळवार, सकाळी ७:४०

दोघांचेही आभार. रात्री दोनपर्यंत जागून त्या दोन घरांचं सगळं दप्तर बाहेर उतरवलं. बाकी कॉपी सुरू आहे.

वेताळटेकडी, डिस्क नॅसच्याच आहेत, ईआरसीही सात सेकंद दिसतंय. पेंडिंग (संशयित) सेक्टर आठही डिस्कवर शून्य, रीअलोकेटेडही (बदलून घेतलेले) शून्य. म्हणजे ते नसावं.

पर्वतीपायथा, डिस्क २० मिनिटांनी झोपतात. वीज वाचावी आणि रात्री खोलीत आवाज होऊ नये म्हणून एचडीपार्मने (डिस्कच्या सेटिंगचं साधन) मीच लावलंय.

सीरियलचं तुम्ही विचारलंत म्हणून जुने लॉग काढून बसलो. प्रत्येक डिस्कच्या सीरियलची शेवटची चार अक्षरं कागदी टेपवर लिहून डिस्कच्या कडेला चिकटवली. आणि मला वाटत होतं तसं नाहीये! चार वेळा डिस्क पडल्या, पण डिस्क तीनच आहेत. त्यातली एक दोनदा पडली. मशीनमध्ये डिस्क बसवायचे चार-चारचे दोन पिंजरे आहेत, आणि या तिन्ही वरच्या पिंजऱ्यात आहेत. खालच्या पिंजऱ्यातली एकही कधीच पडलेली नाही.

---

तांब्याची_तार | मंगळवार, सकाळी ९:०५

मी ३० वर्षं एसएमपीएस आणि यूपीएस दुरुस्त केले, म्हणून माझी नजर आधी वायरींकडेच जाते. वरच्या पिंजऱ्यातल्या डिस्कना करंट कुठून दिलाय? फोटो टाका. डेटा केबलचा नको, पॉवरचा.

आणि स्मार्टचा ‘पास’ बाजूला ठेवा. त्या तक्त्यातल्या दोन ओळी आठही डिस्कच्या बघा. १२ नंबरची, पॉवर सायकल काउंट, म्हणजे डिस्कला किती वेळा नव्याने वीज मिळाली. आणि १९२ नंबरची, पॉवर ऑफ रिट्रॅक्ट, म्हणजे वीज गेल्याने डिस्कने किती वेळा आपलं डोकं मागे घेतलं. डिस्क एकाच दिवशी घेतल्या आणि एकाच मशीनमध्ये बसवल्या, तर १२ नंबरचा आकडा सगळ्यांचा जवळजवळ सारखा हवा. मशीन चालू असताना एखाद्या डिस्कचा करंट क्षणभर तुटला असेल, तर ती डिस्क तो स्वतःच्या वहीत लिहून ठेवते. तुमच्या लॉगला पत्ता लागत नाही, पण डिस्कला तो लागतो.

---

बखरवाचक | मंगळवार, दुपारी १:२०

हे वाचून अक्षरशः अंगावर काटा आला.

खालच्या पिंजऱ्यातल्या चारही डिस्कचा पॉवर सायकल काउंट २०४. चौघींचा अगदी तोच.

वरच्या पिंजऱ्यात खालून वर : २०७, २१२, २३१, २४६.

१९२ नंबरची ओळही याच क्रमाने चढत जाते.

फोटो टाकलाय. वरच्या चार डिस्कना एकच स्प्लिटर आहे. एसएमपीएसच्या एका सॅटा पॉवर कनेक्टरमधून निघून एकाच वायरीवर पुढे चार कनेक्टर. एसएमपीएसची दुसरी मूळ वायर वरपर्यंत पोचत नव्हती, म्हणून तीन वर्षांपूर्वी हा स्प्लिटर आणला होता. ती वायर आता नुसती गुंडाळून बांधून ठेवली आहे.

---

तांब्याची_तार | मंगळवार, दुपारी १:५५

मग तुमचं दुखणं सापडलं असं मी धरून चालतो. का, ते सांगतो.

डिस्कच्या लेबलवर जो करंट लिहिलेला असतो तो चालू स्थितीतला. थांबलेली तबकडी फिरवायला घेताना ३.५ इंची डिस्क १२ व्होल्टच्या लाईनवर साधारण २ अँपिअर ओढते. थोडे सेकंदच, पण ओढते. चार डिस्क एकदम उठल्या की ८ अँपिअर.

आता सॅटा पॉवर कनेक्टर बघा. १५ पिना. त्यातल्या १२ व्होल्टला तीनच, आणि एका पिनची क्षमता दीड अँपिअर. म्हणजे एका कनेक्टरमधून साडेचार अँपिअर. तुमच्या चारही डिस्क त्या एका कनेक्टरच्या तीन बारीक पिनांमधून जेवतायत. एसएमपीएस ५५० वॅटचा असो नाहीतर हजारचा, त्याने काही फरक पडत नाही. अडचण टाकीत नाही, तोटीत आहे.

एसएमपीएसच्या मूळ वायरीवरसुद्धा चार कनेक्टर असतात, पण तिथे प्रत्येक डिस्क स्वतःच्या कनेक्टरमधून घेते आणि मागे जाडी तार सरळ एसएमपीएसपर्यंत जाते. दिसायला दोन्ही सारखंच.

आणि चढत जाणारे आकडे बघा. स्प्लिटरच्या शेवटच्या टोकाला सर्वांत कमी व्होल्टेज पोचतं. शेवटची डिस्क सर्वांत जास्त वेळा उपाशी राहिली, तीच दोनदा पडली ना?

मशीन बंद करून तो पहिला जोड उघडून बघा. ओढून काढू नका, हलकेच काढा.

---

पर्वतीपायथा | मंगळवार, दुपारी २:३०

तारकाकांनी अचूक पकडलं. रविवार पहाटेचं कोडंही यात सुटतं. डेबियन महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री एकच्या सुमारास रेडची तपासणी आपोआप सुरू करतं. तुमच्या आठही डिस्क तेव्हा झोपलेल्या होत्या आणि तपासणीसाठी एकदम उठल्या. एरवी एखादी फोल्डर उघडली की एकेक, दोन-दोन उठत असतील, म्हणून निभावत होतं.

पडलेली डिस्क लगेच परत येत असेल, पण येताना नवं अक्षर घेऊन. लॉगमध्ये ‘लिंक डाउन’, मग काही सेकंदांत ‘लिंक अप’, आणि एसडीईच्या जागी एसडीके असं दिसेल. रेडच्या हिशेबी जुनी गेली आणि ही कोणी नवी आली. म्हणून ती तिला आत घेत नाही.

कॉपी सुरू असेपर्यंत झोपवणं बंद करा. एचडीपार्मला शून्य द्या.

---

नदीपात्र | मंगळवार, दुपारी ४:१०

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझीही एक डिस्क अशीच पडते, पण मशीनमध्ये डिस्क दोनच आहेत आणि स्प्लिटर नाही. पॉवर सायकलचे आकडे सारखे आहेत. १९९ नंबर मात्र १,४०० च्या पुढे गेलाय आणि वाढतोय. डिस्क बदलू का?

---

पर्वतीपायथा | मंगळवार, दुपारी ४:२५

नको. १९९ म्हणजे सीआरसी. डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या रस्त्यात आकडे बिघडतायत. दहातल्या नऊ वेळा मला डेटा केबलच दोषी सापडली आहे. नवी लावा, खटका असलेली घ्या, जोडाजवळ काटकोनात वाकवू नका. सॅटाचे आतले जोड फक्त सुमारे ५० वेळा काढ-घाल करण्यासाठी बनवलेले असतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. जुना आकडा कधीच शून्यावर येत नाही. आजचा लिहून ठेवा आणि तो वाढायचा थांबला का, एवढंच बघा. नाही थांबला, तर पोर्ट बदला.

---

बखरवाचक | मंगळवार, रात्री ११:४५

कॉपी संध्याकाळी संपली. फाईलींचे चेकसम (फाईल जशीच्या तशी आली का ते सांगणारे आकडे) जुळवून बघितले, सगळं आलंय. आज तीन आठवड्यांनंतर जरा शांत वाटतंय.

मग मशीन बंद केलं, प्लग काढला, आणि जोड उघडला.

कनेक्टर सहज निघाला नाही. एका बाजूने चिकटल्यासारखा होता. बाहेर आला तेव्हा १२ व्होल्टच्या बाजूचं काळं प्लास्टिक किंचित फुगलेलं दिसलं, नखाने दाबलं तर तिथे गुळगुळीत लागलं, बाकी ठिकाणी खरखरीत. भिंगातून पाहिलं तर तीन पिनांपैकी दोन तपकिरी झाल्या आहेत, जुन्या शाईच्या डागासारख्या. तिसरी अजून चकचकीत आहे. वास घेतला, जळका वास अगदी पुसट आहे. खोलीत उभं राहून कधीच कळला नसता. याच खोलीत कपाटात लोकांचे कागद असतात, याचा विचार करून हातपाय गार पडले.

---

तांब्याची_तार | बुधवार, सकाळी ८:१०

थोडक्यात वाचलात. वितळवून बंद केलेले, म्हणजे अखंड प्लास्टिकात ओतलेले स्प्लिटर असतात ना, त्यांच्यात आतल्या तारा एकमेकींजवळ सरकलेल्या असतात आणि बाहेरून दिसत नाही. गरम झालं की प्लास्टिक मऊ पडतं आणि १२ व्होल्टची तार ग्राउंडच्या तारेला टेकते. तिथून आग लागू शकते. घ्यायचाच असेल तर मागचं झाकण उघडणारा, तार चिमटून बसवलेला घ्या. पण तुमच्या बाबतीत स्प्लिटर नकोच.

पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत १८ गेजची तार आणि मोकळे सॅटा कनेक्टर मिळतात, तपकीर गल्लीतही बघा. तुमच्या एसएमपीएसची दुसरी मूळ वायर गुंडाळून ठेवली आहे म्हणालात, तिचीच लांबी वाढवता येईल. जमत नसेल तर मी करून देतो, डेक्कनला आणून द्या.

---

रिकामी_फ्रेम | बुधवार, सकाळी १०:३०

इतके दिवस फक्त वाचत होते. आज लिहिते, कारण इथे कुणीतरी वाचून नवी केबल घ्यायला निघेल.

मी लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ करते, सांगवीला. दोन वर्षांपूर्वी माझ्या एसएमपीएसची सुटी होणारी केबल खराब झाली. दुसऱ्या एका एसएमपीएसची तशीच दिसणारी केबल घरात होती. टोक अगदी बरोबर बसलं. बटण दाबलं, ‘टक्’ असा एक आवाज आला आणि चारही डिस्क गेल्या. एका सेकंदात.

डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनवर ५ आणि कुठल्या पिनवर १२ व्होल्ट, हे प्रत्येक कंपनीचं, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचंही वेगळं असतं. माझ्या डिस्कच्या ५ व्होल्टवर १२ गेले. एका जोडप्याला मला सांगावं लागलं की तुमचे हळदीचे फोटो माझ्याकडे राहिले नाहीत. मुलीची आजी त्या हळदीनंतर महिन्याभरात गेली होती. ते घर मी विसरू शकत नाही.

कृपया केबल लावण्याआधी मीटरने मोजा. डिस्क न जोडता.

---

तांब्याची_तार | बुधवार, सकाळी १०:५०

ताई, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. मोजायची रीत अशी : मीटरचा काळा काटा ग्राउंडच्या पिनवर. तारा रंगीत असतील तर काळी ग्राउंड, पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ ची लाईन ११.४० ते १२.६० आणि ५ ची ४.७५ ते ५.२५. पण तारांच्या रंगावर विश्वास ठेवू नका, हल्ली बऱ्याचदा सगळ्याच काळ्या असतात. पिनवर मोजा.

---

वेताळटेकडी | बुधवार, दुपारी १२:१५

लाईट जाण्याचं कुणी विचारलं नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, तेव्हा मशीन कशावर असतं? घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर मागे यूपीएस आणि इको असा खटका असतो तो बघा. एसएमपीएस लाईट गेल्यावर स्वतःच्या दमावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. इको मोडमध्ये इन्व्हर्टर त्याहून उशिरा उचलतो. पंख्या-दिव्यांना चालतं, या मशीनला नाही.

---

बखरवाचक | बुधवार, दुपारी १२:४०

इन्व्हर्टरवरच आहे, आणि खटका इकोवर होता. बदलला. पण तसं झालं असतं तर आठही डिस्कचे आकडे वाढले असते ना? खालच्या चौघी २०४ वरच आहेत.

---

वेताळटेकडी | बुधवार, दुपारी १२:५५

बरोबर. तो तुमचा आजार नव्हता. तरी खटका यूपीएसवरच राहू द्या.

---

पर्वतीपायथा | बुधवार, रात्री ९:२०

वायरिंग नव्याने करतायच, तर एक गोष्ट मनापासून सांगतो. तुम्ही रेड ६ घेतलं, कारण दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहावा. पण चार डिस्क एकाच वायरीला लावल्या. ती एक वायर गेली की चार जातात, आणि मग रेड ६ चा काही उपयोग नाही. डिस्क कितीही चांगल्या असोत, तुमची खरी सोय त्या वायरीएवढीच होती. शक्य तितक्या वेगवेगळ्या वायरींवर वाटा, एका वायरीवर दोनच्या वर नकोत. डेटाचंही तेच, एका कार्डवर दोनच्या वर नकोत. तिथे तुमचं ठीक आहे.

कुणी म्हणेल, शेवटी एसएमपीएस एकच आहे. खरं आहे. पण एसएमपीएस गेला तर आठही एकाच क्षणी थांबतात, सगळ्यांवरची नोंद सारखी राहते आणि रेड बहुतेक वेळा जसंच्या तसं उभं राहतं. एकेक करून गळणं त्याहून वाईट, कारण प्रत्येक डिस्क वेगळ्या क्षणाची गोष्ट सांगायला लागते.

---

बखरवाचक | रविवार, दुपारी ४:००

शनिवारी तारकाकांकडे जाऊन आलो. गुंडाळून ठेवलेली मूळ वायर त्यांनी १८ गेजच्या तारेने वाढवून दिली, जोडांवर स्लीव्ह चढवली, आणि पैसे घेतले नाहीत. एक मोडीतला कागद वाचून हवा होता, त्यांच्या आजोबांचा. तो वाचून दिला. १९११ चं गहाणखत निघालं.

आता वाटणी अशी : एका मूळ वायरीवर तीन, दुसरीवर तीन, आणि चार पिनांच्या जुन्या मोलेक्सवरून चिमटलेला अडॅप्टर लावून दोन. दोनाची मर्यादा पूर्ण पाळता आली नाही, एसएमपीएसला चौथी वायर नाही.

काढून टाकण्याआधी काकांनी जुना स्प्लिटर त्यांच्या बाकावर चार मोडक्या डिस्कना लावून मोजून दाखवला. मीटर सर्वांत कमी आकडा धरून ठेवणारा होता. शेवटच्या टोकाला डिस्क फिरत असताना ११.७. चारही थांबवून एकदम उठवल्या, १०.८. साधा मीटर हळू असतो, खरी घसरण त्याहून खोल असणार, असं काका म्हणाले. नव्या वायरीवर तीच परीक्षा : ११.९, आणि उठताना ११.७.

उरलेल्या सहा डिस्कवर रेड उभं राहिलं. बाहेरच्या दोघी एकेक करून परत घेतल्या. बिटमॅप (कुठे काय बदललं याची रेडची नोंद) चालू होता, त्यामुळे फक्त मधल्या काळात बदललेलं तेवढंच लिहिलं गेलं, एकेकीला काही मिनिटंच लागली.

---

नदीपात्र | रविवार, सायंकाळी ६:३०

माझी केबल बदलली. १९९ चा आकडा पाच दिवस १,४१२ वरच आहे.

---

बखरवाचक | पुढच्या महिन्याचा पहिला रविवार, दुपारी १:१५

रात्री जागाच होतो. एकला तपासणी सुरू झाली. डिस्क मी आता झोपवत नाही, पण परीक्षा व्हावी म्हणून कालच्या रात्रीपुरत्या मुद्दाम झोपवल्या होत्या. आठही एका पाठोपाठ उठल्याचा आवाज ऐकला. तपासणी सकाळी साडेदहाला संपली, मिसमॅच (न जुळणाऱ्या नोंदी) शून्य. पॉवर सायकल काउंट आठही डिस्कचे पुन्हा तपासले : त्या शनिवारी नवी वायर लावून मशीन चालू केल्यानंतर एकाचाही वाढलेला नाही.

दुसरा बॅकअप आता चिंचवडला बहिणीकडे असतो. दर महिन्याला डिस्क बदलून आणतो.

रिकामी_फ्रेम ताई, तुम्हाला जुन्या फोटोंच्या प्रिंट स्कॅन करून हव्या असतील तर सांगा. त्या घराकडे हळदीचे फोटो नातेवाइकांच्या फोनमध्ये किंवा छापील असतील, तर मी गोळा करून नीट करून देईन.

---

रिकामी_फ्रेम | रविवार, दुपारी २:०५

त्यांच्या मावशीकडे अकरा फोटो छापलेले आहेत, असं परवाच कळलं. बुधवारी घेऊन येते.